पाण्याबाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका

वाचकाचं पत्र: मी पुण्यात असतो, वय ५२. किहीमला आमचं छोटं घर आहे. मांडव्याजवळच्या खाडीत मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला, बांधलेली एक २४ फुटी केबिन बोट विकायला आहे. २०१३ सालची, फायबरची, मागे १५० हॉर्सपॉवरचं एकच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. मीटरवर ३४० तास. मालक परदेशी गेल्याने गेली दोन वर्षं ती फारशी चाललेली नाही. किंमत ११ लाख सांगतात. एजंट म्हणतो, पावसाळ्याआधी घेतलीत तर दहात बसवतो, पण ५० हजार टोकन याच आठवड्यात द्या. बोट चकाचक आहे, गाद्या नव्या आहेत, केबिनमधल्या एसीसाठी छोटा पेट्रोल जनरेटरही आहे. मुलांना आणि बाबांना घेऊन एखादी रात्र पाण्यावर काढायची फार इच्छा आहे. पत्नीला भीती वाटते. मला बोटीचा काही अनुभव नाही. घ्यावी का? वर्षाचा खर्च किती? आणि बोटीचं नाव बदललेलं चालतं का?

नमस्कार,

टोकन अजून देऊ नका. बोट वाईटच असेल असं नाही, पण नवीन गाद्या आणि घासलेल्या काचा सोडल्या तर तुम्ही ती अजून पाहिलेलीच नाही. ज्याचे दहा लाख मोजायचे ते सगळं पाण्याखाली, फळीखाली आणि इंजिनाच्या टोपाखाली आहे.

एजंटाची घाई कशापायी आहे ते आधी समजून घ्या. मे संपला की आपल्या किनाऱ्यावर छोट्या बोटींचं काम संपतं. गेटवे-मांडवा फेऱ्या बंद होतात, १ जूनपासून मासेमारीही बंद. मुरिंगवरची ही बोट मेअखेर बाहेर काढावीच लागणार आहे: क्रेन, वाहतूक, जागा, ताडपत्री, चार महिन्यांची राखण. आज टोकन घेतलं की हा सगळा खर्च तुमच्या गळ्यात. म्हणजे जो एक लाख तो सोडतोय, त्यातला बराचसा तुम्ही जूनपर्यंत परत भरणार. पण हीच तारीख तुमच्याही कामाची आहे. बोट बाहेर निघणारच आहे, तर ती बाहेर निघेल तेव्हा तुमच्या माणसासमोर निघू दे. एजंटाला सरळ सांगा, हायड्रा क्रेनचा खर्च मी देतो, तळ बघू दे, मग बोलू. टोकन द्यायचंच झालं तर कागदावर लिहून घ्या, की ट्रायल आणि तपासणीत मोठा दोष निघाला तर पैसे परत. ज्याची बोट चांगली आहे तो यावर सही करतो.

ट्रायल मात्र बाहेर काढायच्या आधी व्हायला हवी, आणि तीही तळ साफ करून. दोन वर्षं खाडीत उभ्या राहिलेल्या बोटीच्या तळाला कवचांचा जाड थर बसलेला असतो. तसाच ठेवून चालवली तर इंजिन उगाच दमतं आणि ते कमजोर आहे की तळ घाण आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. यासाठी दोनदा क्रेन बोलवायची गरज नाही. उधाणाच्या ओहोटीला घट्ट तळाच्या जागी इंजिन वर उचलून बोट कोरड्यावर बसवायची, दोन पोरं लावून तळ खरवडून घ्यायचा आणि येणाऱ्या भरतीला ट्रायलला निघायचं. कोळी मंडळी हे पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत, त्यातल्याच एखाद्या जाणत्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, सोबत घ्या.

ट्रायलच्या दिवशी अर्धा तास लवकर पोचा आणि पहिलं काम म्हणून इंजिनाच्या टोपावर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलंय. मग त्या दिवशी परत फिरा, दुसऱ्या दिवशी न सांगता या. थंड इंजिन कसं उठतं, यावर निम्मी परीक्षा आहे. चालू झाल्याबरोबर मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडायला हवी, सणसणीत आणि अखंड. धार मंद असेल तर आतला पाणी ओढणारा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, गेलाय, किंवा थंड पाणी फिरायच्या वाटा मिठाने आणि चिखलाने बुजल्यात. मांडवा-रेवस पट्ट्यात ओहोटीला पाणी इतकं उतरतं, की मुरिंगवरच्या कितीतरी बोटी दिवसातून दोनदा चिखलात बसतात, आणि पाणी पुरेसं चढायच्या आत कुणी इंजिन सुरू केलं की ते पाण्याऐवजी गाळ ओढतं. या बोटीच्या बाबतीत असं किती वेळा झालंय, हे मुरिंग राखणाऱ्या माणसाला बरोबर माहीत असतं. त्याच्याशी चहा घेत बोला.

मोकळ्या पाण्यात गेल्यावर पूर्ण रेस द्या. या वर्गातली फोर-स्ट्रोक इंजिनं पूर्ण रेसवर मिनिटाला साधारण ५००० ते ६००० फेऱ्यांच्या दरम्यान जायला हवीत, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. तळ स्वच्छ असूनही पाचशे-सातशे फेऱ्या कमी पडत असतील तर पंखा (प्रोपेलर) चुकीचा आहे किंवा इंजिन थकलंय. आणि ट्रायलला घरचे सगळे घेऊन जा, वहिनींनाही. दोन माणसांवर छान पळणारी बोट सहा माणसं आणि भरलेली टाकी घेऊन कशी वागते, ते आधीच कळलेलं बरं.

आता ते ३४० तास. एजंट हा आकडा कौतुकाने सांगत असेल. मला तोच खटकतो. इतक्या वर्षांत ३४० तास म्हणजे वर्षाला तीसही भरत नाहीत. खाऱ्या पाण्यातलं इंजिन चालून झिजतं त्याहून जास्त उभं राहून खराब होतं: आत मीठ सुकतं, रबर कडक होतं, पेट्रोलचा चिकटा जमतो. दर रविवारी चालवलेलं आणि प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुतलेलं हजार तासांचं इंजिन मी डोळे मिटून घेईन. या काळातल्या बहुतेक इंजिनांच्या कॉम्प्युटरमध्ये एकूण तास आणि कुठल्या रेसला किती तास चाललं, याची नोंद असते. कंपनीच्या अधिकृत फिटरला लॅपटॉप जोडून तो रिपोर्ट काढायला लावा. डॅशबोर्डवरचा मीटर बदलता येतो, पण हा रिपोर्ट सहसा खरं सांगतो. त्याच फिटरकडून सगळ्या सिलिंडरचं कंप्रेशन मोजून घ्या. एकमेकांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. आणि खालच्या गिअरचं थोडं ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी आत जातंय.

एवढं सगळं जमलं तर बोट बाहेर काढा, तळ धुऊन घ्या, दोन दिवस सुकू द्या.

सर्वात आधी मागे उभे राहा. इंजिन ज्या उभ्या भिंतीवर टांगलेलं असतं तिला ट्रान्सम म्हणतात. वरून फायबर दिसतं, पण त्या काळातल्या पुष्कळ बोटींत आत प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टपाशी सील सुटलं की पाणी हळूहळू लाकडात शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं, बाहेरून पत्ता लागत नाही. इंजिन अर्धवट वर उचला, खालचा पाय धरून अंगाचा भार देऊन दाबा आणि दुसऱ्याला भिंतीकडे बघायला सांगा. भिंत किंचित जरी हलली, बोल्टभोवती तडे दिसले किंवा तिथून तपकिरी पाणी पाझरलं, तर बोट सोडून द्या. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळीकडे टकटक करत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या कानाला फरक कळायला लागेल, त्याला अनुभव लागत नाही. ट्रान्सम नव्याने करायचा म्हणजे इंजिन उतरवायचं, फायबर कापायचं, लाकूड खरवडून काढायचं, परत चढवायचं. दहा लाखांच्या बोटीला ते परवडत नाही. तीच टकटक केबिनच्या छपरावर आणि चालायच्या जागेवर करा. रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी पाणी शिरायला ठरलेली जागा असते.

तळावर नाण्याएवढे फोड दिसले तर एक फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फायबरच्या थरांत पाणी शिरलंय. आठ-दहा फोड असतील तर घाबरू नका, दुरुस्त होतात. सगळा तळ तसाच असेल तर किंमत खूप खाली यायला हवी, नाहीतर नको.

आता बोटीच्या तळाला जिथे जिथे भोक आहे तिथे प्रत्येक ठिकाणी मला तुम्हाला हात धरून न्यायचंय, कारण माझी स्वतःची पहिली बोट मी अशाच एका भोकापायी गमावली. २१ फुटी होती, तीही सेकंड हँड. छोट्या टॉयलेटला पाणी घ्यायला तळातून एक इंची पाइप आत आला होता आणि त्याला एकच क्लिप होती. वरून ती चकचकीत दिसायची. तिच्या खालच्या बाजूला, जिथे मी हाताचं बोट कधी फिरवलं नाही, तिथे गंजून तिचा पापुद्रा झाला होता. एप्रिलमधल्या एका रात्री ती तुटली आणि पाइप निसटला. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, पाणी उपसायचा ऑटोमॅटिक पंप होता, पण त्याची वायर बॅटरीच्या मेन स्विचमधून घेतलेली, आणि जाताना मेन स्विच बंद करायची मला सवय होती. सकाळी राखणदाराचा फोन आला. मी पोचलो तेव्हा भरती होती, पाण्यावर फक्त केबिनचं छप्पर आणि दिव्याची काठी दिसत होती. ओहोटी लागल्यावर बोट चिखलात आडवी दिसली, केबिनचं दार आतल्या पाण्याने फुटून बाहेर आलेलं. मुलीचे छोटे बूट त्या दारात अडकले होते.

हिशेब करून बघा. फूटभर पाण्याखालच्या एक इंची भोकातून मिनिटाला चाळीस लिटरहून जास्त पाणी आत येतं. तासाला जवळपास अडीच टन. म्हणून प्रत्येक पाइपला दोन क्लिपा हव्यात, चांगल्या स्टेनलेसच्या, आणि त्यांच्या खालच्या बाजूने हाताचं बोट फिरवून बघायचं. प्रत्येक भोकावरचा कॉक हाताने बंद-चालू झाला पाहिजे. अडकलेला असेल तर तो नसल्यासारखाच. तो ब्राँझचा असावा. नळाच्या दुकानातला पितळी कॉक खाऱ्या पाण्यात आतून ठिसूळ होतो, चाकूने खरवडलं की पिवळ्याऐवजी गुलाबी दिसतो. तो गुलाबी रंग दिसला की बदलायचाच. प्रत्येक कॉकशेजारी त्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. ऑटोमॅटिक पंपाची वायर फ्यूज लावून थेट बॅटरीवर घ्या, मेन स्विच बंद असला तरी पंप चालला पाहिजे. आणि बोट सोडून घरी जाताना सगळे कॉक बंद.

वायरिंगबद्दल थोडक्यात: कथिलाचा मुलामा दिलेली, बोटीसाठी बनवलेली तांब्याची वायर हवी. घरगुती वायर पिळून वर काळी टेप मारलेली दिसली तर ती सगळी बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. गाद्या, स्पीकर, पडदे यांचा विचार करू नका.

आता पाण्यावरच्या त्या रात्रीबद्दल, कारण वहिनींची भीती मला इथे अगदी रास्त वाटते. एसीसाठीचा तो पेट्रोल जनरेटर बोटीवरून उतरवा. किमतीत येत असला तरी बोटीवर ठेवू नका. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. जनरेटर मागे मोकळ्यावर ठेवला तरी वारा फिरला की धूर केबिनमध्ये येतो, आणि एसी लावलाय म्हणजे दारं-खिडक्या बंदच. चालत्या बोटीतही धोका असतो: केबिनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागचा धूर पुढे ओढला जातो. सर्वात घातक गोष्ट म्हणजे त्याची लक्षणं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आपण म्हणतो बोट लागली, आणि त्या माणसाला आत नेऊन झोपवतो, म्हणजे नेमकं जिथे वायू साठलाय तिथे. बाबांसारख्या वयस्कर माणसाला आणि मुलांना त्याचा त्रास आधी होतो. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म केबिनमध्ये, झोपायच्या जागेपाशी लावा. बोटीत कुणाचं डोकं दुखलं तर आधी इंजिन बंद आणि माणूस मोकळ्या हवेत. तुम्हाला रात्र काढायची आहे ना, मग डिसेंबर-जानेवारीत काढा. केबिनच्या झडपा उघड्या ठेवल्या की खाडीवर पहाटे पांघरूण लागतं, एसी कशाला?

पेट्रोलचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि २०१३ च्या सुमाराच्या बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत महिनोन् महिने पडून राहिलेल्या टाकीत ते पाणी खाली बसतं आणि इंजिन पहिल्यांदा तेच ओढतं. मग उपाय काय? जुने पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणारे घालून बदला, टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा, आणि लागेल तेवढंच ताजं पेट्रोल भरा. कॅनने भरताना केबिनचं दार बंद ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली केबिनमध्ये आणि बिल्जमध्ये जाऊन बसते.

कागद. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि सर्व्हेची मुदत बघा, इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवा, परदेशातून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा. मालक परदेशात आहे, तेव्हा एजंटाला विकायचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र बघितल्याशिवाय एक रुपया नाही. तुम्ही स्वतः चालवणार की तांडेल ठेवणार, त्याप्रमाणे कुठलं प्रमाणपत्र लागेल ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारा. फोनवर विचारण्यापेक्षा गेलेलं चांगलं.

खर्चाचं म्हणाल, तर किमतीच्या दहा टक्के वर्षाला हा जुना ठोकताळा आहे. खाडीत मुरिंगवर राहणाऱ्या जुन्या बोटीला मी पंधरा धरतो: तळाला कवचं बसू न देणारा अँटीफाउलिंग रंग, इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा झिंकचा तुकडा, इम्पेलर, ऑइल, विमा, क्रेन. राखणदार वेगळा. पेट्रोल वेगळं, १५० हॉर्सपॉवरचं इंजिन आरामात चालवलं तरी तासाला पंचवीस-तीस लिटर पितं. आणि पहिल्या वर्षी हाताशी दोन-अडीच लाख राखून ठेवा, कारण दोन वर्षं उभी असलेली बोट आपलं दुखणं पहिल्या सहा महिन्यांत बाहेर काढते. हे गणित बसत नसेल तर सहा-सात लाखांची, छोटी, नियमित चाललेली बोट शोधा. ती तुम्हाला जास्त वेळा पाण्यावर नेईल.

बोट घेतलीत तर पहिला पावसाळा तुमचा सगळ्यात मोठा धडा असेल. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर मिसळून इंजिन दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा, मग टाकी रिकामी करा. गिअर ऑइल आत्ताच बदला, आत पाणी असेल तर ते चार महिने लोखंड खात बसेल. झिंक निम्मा झिजला असेल तर नवा. इंजिन उभं ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. बॅटरी घरी न्या. बोट नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, थोडी उंच ठेवा आणि मागचा ड्रेन प्लग काढून तो स्टिअरिंगला दोरीने बांधून ठेवा, सापडायला सोपा. ताडपत्रीखाली हवा खेळती हवी. गच्च बांधली तर ऑगस्टमध्ये केबिनभर बुरशी मिळेल, गाद्या तर उचलून किहीमच्या घरी नेलेल्या बऱ्या. पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी जाऊन ताडपत्रीवर साचलेलं पाणी पाडायला हवं.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं घ्या, मुलांची मुलांच्या मापाची, आणि ती अंगात घालायची. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाच्या वाटेवर प्रवासी बोटीचा जो अपघात झाला त्यानंतर हे वेगळं समजावायची गरज नसावी. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६ आणि फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४, दोन्ही वहिनींनाही माहीत असू द्या. नांगर टाकणं आणि बोट थांबवणं त्यांनाही शिकवा. चालवणारा पाण्यात पडला तर बोट कोण वळवणार?

नाव बदललेलं चालतं. नोंदणीतही बदलून घ्या, म्हणजे बोटीवर एक आणि कागदावर दुसरं असं व्हायला नको. नारळी पौर्णिमेनंतर रंग सुकला की नवीन नाव लिहा, नारळ फोडा, बाबांच्या हातून फोडलात तर उत्तमच. आणि हायड्राचा पट्टा सुटायच्या आधी स्टिअरिंगची ती दोरी सोडून ड्रेन प्लग स्वतःच्या हाताने लावा.